मचाण सोडलं, गोलकीपर राखला

ग्रान्सेले, सोमवार, १४ सप्टेंबर

आदरणीय गुनबोर वन्सं,

वाकलं की हल्ली कंबर धरते, म्हणून पत्रातूनच पाया पडते. तुमचे गुडघे कसे आहेत? लेनार्टभाऊजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही ठीक. तुमचे बंधुराज (म्हणजे आमचे एव्हर्ट) सहसा बोलत नाहीत. पूर्वीही बोलत नव्हते, पण हल्ली ते जाणवतं.

मिडसमरच्या सणाला हेरिंग माशांची ताटली हातात धरून तुम्ही चारचौघांत म्हणालात, ‘अगं यर्डिस, ज्या गावात दिवसाला दोन बस येतात त्याने शहरांशी बर्फावरची हॉकी खेळावी कशाला? अंथरूण पाहून पाय पसरावेत!’ तेव्हा माझ्या तोंडात बटाटा होता, म्हणून उत्तर राहून गेलं. ते आज देते. माणसांची आपल्याकडे वानवा नाही. गाव साडेचार हजारांचं आणि सामन्याला तीन हजार येतात (उरलेले अंथरुणाला खिळलेले, किंवा बर्फावर खेळणारे). अडचण वेगळीच आहे. चांगला खेळाडू येतो, दोन हिवाळे आपले दालचिनीचे पाव खाऊन धष्टपुष्ट होतो आणि मग एखादं शहर त्याला उचलून नेतं. आमचा गोलकीपर मतेई, मूळचा स्लोव्हाकियाचा, त्याने गेल्या वर्षी एकट्याने संघाला या गटात टिकवलं. मार्चमध्ये त्याला बोलावणं आलं, तेही तुमच्याच शहराच्या क्लबचं (तुम्हाला दोष देत नाही). तो गेला असता तर संघ खाली घसरला असता, लाकूडगिरणीने हात आखडता घेतला असता आणि हॉकीच्या हॉलला कुलूप लागलं असतं. तिथे मी एकोणीस वर्षं कॉफी विकते, वन्सं. नोव्हेंबर ते एप्रिल दुसरीकडे कुठे माणूस दिसतो? मला तर नुसत्या विचाराने भीती वाटली.

कमिटी बसली. शहराएवढा पगार देणं आपल्याला जन्मात जमायचं नाही, तेव्हा शहराला देता येणार नाही असं काय द्यावं, यावर तीन किटल्या कॉफी संपली. शेवटी गिरणीचा बेंग्ट-ओके म्हणाला, ‘मचाण!’ एल्क हरणांच्या शिकारीच्या टोळीत जागा मिळायला इथे वीस वर्षं वाट पाहावी लागते, हे तुम्हाला माहीतच आहे. कुणी मेलं तरच जागा होते, आणि नेमकं कुणी मरायला टेकलेलं नव्हतं. सगळ्यांनी एव्हर्टकडे पाहिलं. हे छताकडे बघत म्हणाले, ‘घ्या.’ दलदलीच्या कडेचं ते मचाण, आधी मामंजींचं, मग एकेचाळीस वर्षं यांचं. त्या दिवशी यांनी बंदूक पुसून कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्याकडे दिली.

मतेई मात्र हरखला. उन्हाळाभर घोकून शिकारीची परीक्षा पास झाला आणि तुमच्या शहराला नाही म्हणून कळवलं. गेल्या सोमवारी शिकार सुरू झाली. कुत्री भुंकली, झाडीतून एल्क निघाला तो थेट याच्याच दिशेने. आता हा जातीचा गोलकीपर. अंगावर येईल ते अडवायचं, एवढंच त्याला ठाऊक. बंदूक राहिली फळीवर आणि याने हातपाय फाकवून खाली उडी घेतली! एल्क शहाणा, डाव्या बाजूने निघून गेला. मतेईचा गुडघा उजव्या बाजूला गेला. पलीकडच्या मचाणावरून बेंग्ट-ओके ओरडला, ‘डावीकडनं गेला बघ! तिथेच गोल खातो हा नेहमी!’

नाताळपर्यंत प्लास्टर आहे. तुमच्या शहराच्या क्लबने फुलं पाठवली आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. तेव्हा गोलकीपर आम्ही राखला, असं म्हणायला हरकत नाही. तो आमच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर पाय पसरून असतो आणि यांच्याशी पत्ते खेळतो. काल हे सलग तीन वाक्यं बोलले (तिन्ही पत्त्यांविषयीच, तरी बरं वाटलं). शनिवारी पहिला सामना आहे आणि राखीव गोलकीपर सैन्यात गेला आहे. तेव्हा तुमचंच खरं, वन्सं, लहान गावाला संघ परवडत नाही. म्हणून तर एकालाही बाजूला बसून चालत नाही.

भाऊजींना नमस्कार. कळावे,
तुमची भावजय,
यर्डिस

ता. क. माळ्यावर तुमच्या लेकाची, स्टेलानची, गोलकीपरची जुनी पॅडं आहेत का, ते बघायला शिडी चढू नका. गुडघे जपा. ती तिथे नाहीत.

ता. क. दुसरा. तुमचा स्टेलान विम्याच्या प्रशिक्षणाला माल्मोला गेलेला नाही. काल दुपारच्या बसने इथे उतरला. अडतिसाव्या वर्षी धाप लागते हो, पण सरावात दहातले चार अडवले. हे उभं राहून ‘आपला पोरगा!’ म्हणून ओरडले. मला रडू आवरेना.

ता. क. तिसरा. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले. हे तुमच्या सूनबाईंना, पर्निलाला, कुणीतरी सांगायला हवं. स्टेलानची हिंमत होत नाही आणि कमिटीचीही नाही. ती तुमचं ऐकून तरी घेते. शनिवारच्या आत सांगितलंत तर बरं, सामना टीव्हीवर दाखवणार आहेत. गोलकीपरच्या तोंडाला जाळी असते, पण पाठीवर नाव असतं.