बिनशिक्क्याची तुळई

ती. मामा,

साष्टांग नमस्कार (उभ्यानेच घातलाय, अंगणभर लाकडं पसरली आहेत). खोकला कसा आहे? मामी आईच्या गुडघ्यासाठी इथे आल्यापासून तुम्ही स्वतः स्वयंपाक करता म्हणे, तेव्हा आधी पोटाची चौकशी करायला हवी होती.

आईला आता जिना चढवत नाही. ती बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपते आणि "मला काही त्रास नाही" असं दिवसातून दहादा सांगते. म्हणून मी तिच्यासाठी खाली खोली बांधायला घेतली आहे, आणि ती मी बांधणारच. भिंती झाल्या. छताच्या तुळयांसाठी अंगणातलं वादळात पडलेलं झाड कोपऱ्यावरच्या सॉ मिलमधून कापून आणलं. लाकूड असं की खिळा वाकतो. पण बांधकाम खात्याचे इन्स्पेक्टर चारी बाजूंनी बघून म्हणाले, लाकडाच्या प्रतीचा शिक्का कुठाय? (मिलवाल्याने लगेच स्वतःच्या दुकानाचा शिक्का मारून दिला. तो चालला नाही.) शेवटी ठरलं, की माहीत असलेलं वजन ठेवून सगळ्यात बारीक तुळई किती वाकते ते दाखवायचं. सिमेंटच्या गोण्या भिंतींत संपलेल्या, म्हणून मी घरची नि शेजारची माणसं बसवली. आठजण ओळीने बसले, तुळई जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच वाकली, मला तर आनंदाने रडूच आलं. मग इन्स्पेक्टर वही काढून एकेकाचं वजन विचारू लागले. मामी म्हणाली, "लिहा, बेताचं." ते म्हणाले, "बेताचं म्हणजे किती किलो?" मामी उतरून आत गेली. तिला वगळलं तर भार फारच कमी पडेल, असं त्या भल्या माणसाने मोठ्याने सांगितलं आणि उरलीसुरली आशाही घालवली. आता ते शनिवारी येणार, तेही शेवटचं. पण मी हटणार नाही.

बाकी क्षेम.

तुमची भाची

ता. क. मामीचं वजन तुम्हाला माहीत असणारच. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून उलट टपाली पाठवा. तिला कळता कामा नये.

आणखी ता. क. तिला कळलं. हे पत्र पेटीत टाकायला मी तिच्याच हाती दिलं होतं (माझी अक्कल!). तिने ते वाचून माझ्यापुढे आणून आपटलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज शनिवार. सकाळी ती मिलमधल्या लाकूड तोलायच्या काट्यावर इन्स्पेक्टरांसमोर, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत उभी राहिली आणि म्हणाली, "लिहा. वन्सं किती दिवस सोफ्यावर झोपणार?" भार पुरला, तुळया पास झाल्या. छत चढेपर्यंत ती इथेच राहणार आहे, तुम्ही पोट सांभाळा. आकडा मी पाहिला आहे. मामा, जन्मात विचारू नका.