कडेचा रंग

इंदूर, १८ सप्टेंबर २००३

प्रिय जयेश,

चार दिवस कागद घेऊन बसतो आणि चिडून फाडतो. चिडलोय स्वतःवरच, पण ओरडलो तुझ्यावर.

तुझ्या वाइनच्या कारखान्याच्या मालकांनी दिलेली फ्रान्सची वाइन तू केवढ्या हौसेने आणलीस. घोट तोंडात घोळवून वाटीत थुंकलास, तेव्हा मला हसू येत होतं, खरंच. मग पेला पांढऱ्या रुमालावर तिरका धरून म्हणालास, "बाबा, रंगातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? कडेला लालच आहे की विटकरी झालाय, सांगा. त्यावरून तिचं वय कळतं." आणि मी काय म्हणालो, तर "दारूचे रंग बघायला मी मिलमध्ये तीस वर्षं घालवली नाहीत." सकाळच्या बसने तू न जेवता नाशिकला परत गेलास.

उरलेली मी दुपारी चाखली. आईने नाक मुरडलं. पहिल्याच घोटाला जीभ अशी आवळली, की वाटलं, एकदम फालतू चीज आहे. पण तो तुरटपणा ओळखीचा निघाला. नोकरीच्या सुरुवातीला रंगखात्यात आम्ही कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवायचो. तुरटपणामुळेच रंग कापडाला धरून राहायचा. संध्याकाळी पुन्हा घेतली, तर तीच वाइन मवाळ झालेली. सुकलेल्या जांभळाची चव, मागून तंबाखूचा वास, आणि गिळल्यावरही कितीतरी वेळ तोंडात रेंगाळणारी. अशी दुसरी बाटली असेल तर दहा वर्षं उघडू नकोस. अजून पुष्कळ दम आहे तिच्यात.

चव सांगितली. रंग मला सांगता येत नाही, जयेश. ती मला चहाच्या पाण्यासारखी दिसली. आईचं कुंकूसुद्धा हल्ली तसंच दिसतं. मिल बंद पडली म्हणून मी घरी बसलो, असं सगळे समजतात. शेवटच्या वर्षी मी पास केलेल्या ताग्यांचे रंग दोनदा जुळले नाहीत. माझ्या हाताखालच्या चिंतामणने ते गुपचूप पुन्हा रंगवून घेतले. पुढे त्यानेच नव्या कारखान्यात रंग जुळवायचं काम मिळवून दिलं, तर तिथला मालक पसंत नाही असं सांगून मी टाळलं. तुम्ही मला अकडू म्हणालात. मी म्हणू दिलं.

मोतीबिंदू आहे. पलासिया भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, की काढला तर रंग नीट दिसतील. काढूनही दिसले नाहीत तर, या भीतीने मी गप्प राहिलो. तू गेल्यावर मात्र जाऊन तारीख घेऊन आलो, पुढचा गुरुवार. आईला अजून सांगितलेलं नाही. घरचं कुणीतरी सोबत पाहिजे म्हणतात. चिंतामण येईल, पण मला तू हवा आहेस. बुधवारपर्यंत ये. राग गेला नसला तरी ये.

तुझाच,
बाबा