उघाडीची पाळी

प्रिय अल्पेश,

हे पत्र पास्कलकाकांची जीना तुला आणून देईल. ती विरारलाच कामाला असते. तिने ते वाचलेलं नाही. तिला दारातून परत पाठवू नकोस, चहा कर.

काल पीकबुडीची भरपाई बाबांच्या खात्यात आली. कामणच्या खाडीकाठी ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्या सगळ्यांना आली. पास्कलकाका दुसऱ्याची जमीन करतात. त्यांचं पीक गेलं, आणि पैसे मुंबईतल्या मालकाला मिळाले. त्याने ते शेत वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही. बाबा आपली रक्कम घेऊन पास्कलकाकांकडे गेले होते. काका म्हणाले, "धर्मा, चूक तुझी, भात माझा, पैसा सरकारचा. यातलं मी काय घेऊ?" बाबा तसेच परत आले. जेवले नाहीत.

शेतावर मिठाचा पांढरा थर आहे. एका पावसाने तो धुऊन जायचा नाही. पास्कलकाका रोज बांधावर येऊन उभे राहतात. मी दुसऱ्या वाटेने जाते.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी उघाडीची पाळी आपल्या घराची होती. बाबा तापाने पडलेले, म्हणून तुला बोलावलं. बांधातल्या त्या दारात फळ्या बसवायच्या, खाडीचं पाणी बाहेर ठेवायचं, एवढंच काम. पाणी आत आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, बाबांनी फळ्या उद्या घालायला सांगितलं होतं. गावाने मानलं. बाबांनीही मानलं. ज्यांना तिथी विचारून लोक होड्या सोडायचे ते आता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात. म्हणतात, "तापात डोकं फिरलं असंल माझं. पोराला पानी कवा चढंल तेच नीट सांगितलं नाय."

मी तेव्हा चुलीपाशी होते, अल्पेश. ते म्हणाले होते, "आज दुपारी भरती लागायच्या आदी घाल, उद्यावर ठेवू नको." तू हो म्हणून गेलास. उघाडीत उतरणारा माणूस गुडघाभर चिखल घेऊन येतो. तू आलास तेव्हा तुझी पँट कोरडी होती. मला वाटलं, कुणीतरी मदत केली असेल.

त्याच आठवड्यात जेवताना तू म्हणाला होतास, "भात विकून काय मिळतं? बुडाला तर सरकार तरी देतं." बाबा हसले होते. "मग बोलाव खाडीला जेवायला," म्हणाले होते. आपण सगळेच हसलो.

तू ते ठरवून केलंस की कंटाळा केलास, हे मी विचारत नाही. विचारलं तर तू काहीतरी सांगशील, आणि मला ते खरं मानावं लागेल.

या रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर सगळी घरं बांधावर जमणार आहेत. बाबांनी स्वतःच बोलावलंय. पाळी चुकवणाऱ्याने सगळ्यांसमोर फळी खाली ठेवायची, हात जोडायचे, आणि त्याच्या घराने पुन्हा उघाडीला हात लावायचा नाही, ही रीत तुला माहीत आहे. आपल्या घरावर ती वेळ कधी आली नव्हती. बाबांनी पांढरा सदरा धुऊन वाळत घातलाय. त्यांनी वाकण्याआधी त्यांच्या हातातली फळी तू घे. तू आला नाहीस, तर मी घेईन आणि चुलीपाशी जे ऐकलं ते सांगेन. बाबा तुला माफ करतील. पास्कलकाकाही करतील, कदाचित.

रविवारपर्यंत तुझीच,
हंसाताई