जीपचे लाल ठोकळे

१० मार्च, मंगळ.
पेठच्या पुढच्या पाड्यावरून संध्याकाळी सहाला परत. दातांचं शिबिर ठीक झालं. अकरा दाढा काढल्या, भरलेल्या मोजल्या नाहीत. पाय सुजलेत.

जाताना सावळघाटाच्या उतारावर जीपमागच्या ट्रेलरने पुन्हा शेपूट हलवलं. आधी थोडं, मग इतकं की स्टिअरिंग माझ्या हातात आहे की नाही तेच कळेना. ब्रेक न लावता नुसता पाय काढला, तेव्हा कुठे शांत झालं. मागच्या एसटीवाल्याने हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. सुनंदा दार घट्ट धरून बसली होती. नऊ वर्षं माझ्याकडे मदतनीस आहे, माहेर पेठचंच, घाटांना घाबरणारी नाही. खाली उतरल्यावर म्हणाली, "बाई, पुढच्या टायमाला मी आपली एसटीनं येते."

माधवला सांगितलं नाही. नवऱ्याला असलं काही सांगितलं की तो कागद-पेन घेऊन बसतो.

११ मार्च, बुध.
सांगावं लागलं. सुनंदाने क्लिनिकमधून परस्पर फोन करून सांगून टाकलं. संध्याकाळी मा. कागद-पेन घेऊन बसला होताच.

त्याचं निदान: स्प्रिंगचे पाटे कमी पडतात. मागे दोन वाढवायचे, म्हणजे जीपचा मागचा भाग दबणार नाही. मी विचारलं, मुळात गाडी एवढी उंच असण्याचाच हा त्रास नाही का? ट्रेलर जोडला की त्याचं नाक वर, आभाळाकडे. मा.ने कागद उलटा केला. मग म्हणाला, उंचीला हात लावायचा नाही.

लावणार नाही बाबा. दोन वर्षं रविवार-रविवार खपून त्याने ती जीप चार इंच उचलली. मागच्या पाट्यांखाली घातलेले लोखंडी ठोकळे सातपूरच्या मित्राच्या कारखान्यात स्वतः उभं राहून करून घेतले, स्वतः लाल रंगवले. ती घेऊन डोंगरात चिखल तुडवत फिरायचा. परवाच्या दिवाळीआधी पाठीचं ऑपरेशन झालं, डावं पाऊल उचलेना. तेव्हापासून तो त्या जीपमध्ये बसलेला नाही, चढताच येत नाही. गाडी उंच आहे तोवर त्याच्या मते तो तात्पुरता खाली आहे. हे मला कळतं. पण ती गाडी आता मी चालवते, मागे सगळा दवाखाना बांधून. खुर्ची, कॉम्प्रेसर, जनरेटर, सगळं.

१४ मार्च, शनि.
रशीदभाईंकडे. द्वारका चौकाच्या पुढे आग्रा रोडला ट्रकचे पाटे बसवतात. मूळचे मालेगावचे, वडीलही हेच करायचे. रोजे चालू आहेत. भट्टीसमोर दिवसभर पाण्याचा थेंब नाही, तरी आवाज चढत नाही. मी दुपारी दोन वाजता समोसा खाऊन गेले होते, मलाच कसंतरी वाटलं.

गाडीखाली शिरले, बाहेर आले. "मॅडम, ये ठोकळे शौक के लिए ठीक. वजन ओढायला नाय चालत. अ‍ॅक्सल पिळतो. ठोकळे काढा, पाटे जाड करू." मी मा.ला फोन लावून दिला. पाच मिनिटं बोलले. फोन परत देताना रशीदभाई म्हणाले, साहेबांचं म्हणणं ठोकळे राहू द्या. आणि हसले. दोन पाटे वाढवून द्यायचं ठरलं.

ट्रेलरच्या वजनकाट्याची पावती मा.ने मागच्या महिन्यातच करून आणायला लावली होती, त्यावरून त्याचा हिशेब पक्का आहे. तो चुकत नाही म्हणे.

१७ मार्च, मंगळ.
गाडी मिळाली. दगड झालीये नुसती. ट्रेलर न जोडता त्र्यंबक रोडला नेली तर प्रत्येक खड्ड्यावर सीटवरून उडत होते. माझी पाठ चांगली आहे तरी दुखायला लागली. म्हणजे मा. यात चढला तरी बसू शकणार नाही. हे त्याच्या लक्षात आलं असेल का? पाटे वाढवायला त्यानेच सांगितले.

१९ मार्च, गुरु. पाडवा
गुढी उभारली. मा.ने खुर्चीत बसून सूचना दिल्या, काठी डावीकडे, अजून डावीकडे. पुरणपोळी मी केली नाही, विकत आणली, त्याने दोन खाल्ल्या आणि काही म्हणाला नाही हे उपकार.

दुपारी झोपून उठले तर हा अंगणात. जीपच्या दाराशी प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं. उजवा पाय स्टुलावर, दोन्ही हात दाराला, डावा पाय जमिनीवरच. मी खिडकीतून बघत होते. खाली जावं की नाही कळेना. गेले असते तर पडला असता. तीनदा प्रयत्न केला. मग स्टूल उचलून जागेवर ठेवलं, काठी घेतली आणि जास्वंदीला पाणी घालायला लागला, जसं काही त्यासाठीच आला होता.

मीही जसं काही आत्ताच उठले.

२४ मार्च, मंगळ.
शिबिर. नवे पाटे, नवा भरवसा. सावळघाटात तेच. उलट वाईट. जीप मागे दबत नाही हे खरं, पण शेपूट तसंच, आणि वर उड्या. सुनंदा खरंच एसटीने आली होती, शाळेच्या फाटकात माझी वाट बघत उभी. म्हणजे मी घाटात एकटी.

पेशंट छप्पन्न. जेवायला वेळ मिळाला नाही. परत येताना गिरणाऱ्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसती बसले. खरं सांगायचं तर मला कंटाळा आलाय. जायचा नाही. एकटीने जायचा. पूर्वी मा. यायचा, गाडी तो चालवायचा, दिवसभर पोरांना टायर दाखवत बसायचा, मी फक्त दातांचं बघायचे. आता मीच डॉक्टर, मीच ड्रायव्हर, मीच हमाल.

जूनपासून शिबिरं बंद करावीत का? मा.शी बोलायचं आहे. आज नको.

२५ मार्च
रशीदभाईंना फोन. ईदसाठी मालेगावला गेलेत, शुक्रवारी येतील. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ट्रेलर पण आणा. रिकामा नको. शिबिराला निघता तसा, अगदी तसाच भरून आणा.

२८ मार्च, शनि.
आजचं नीट लिहून ठेवते.

ट्रेलर भरून नेला. पाण्याची टाकीसुद्धा काठोकाठ. रशीदभाईंनी शीरखुर्म्याचा डबा हातात दिला, मग ट्रेलर जीपपासून सोडवला. त्याच्या नाकाला, जिथे हूक बसतो तिथे, हात घातला आणि उचललं. एका हाताने! साठीचा माणूस. एवढा मोठा ट्रेलर, ज्याचं नाक चौघांनाही हलू नये. दुसऱ्या हाताने मला ये म्हणून खुणावलं, मीही उचललं. माझ्यानेही उचललं गेलं.

"सगळं वजन मागे आहे मॅडम. पुढे काय नाय. गाडीला हा धरतच नाय, मग हलणारच. मागे काय भरता?"

पाणी. दार मागे आहे, नळी तिथेच लागते, म्हणून टाकी मी मागच्या भिंतीला बसवून घेतली होती. तीनशे लिटर. निघायच्या सकाळी घरच्या नळाला पाइप लावून भरते.

आणि वजनकाट्यावर ट्रेलर नेला तेव्हा टाकी रिकामी होती. पाणी मी काट्यानंतर घरी येऊन भरलं. मा.ला कधी सांगितलंच नाही. त्याने विचारलंही नाही, पाणी तिथलंच घेत असेल असं धरून चालला. म्हणजे त्याचा हिशेब बरोबर होता. माझा ट्रेलरच वेगळा होता.

रशीदभाईंनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. टाकी पुढे, नाकाजवळ घ्यायची. मग ट्रेलर हलणार नाही. पण मग ते वजन जीपच्या मागच्या बाजूवर नीट येणार, आणि तेव्हा ते ठोकळे खरंच धोक्याचे. एक तर पाणी नेऊ नका, नाहीतर ठोकळे काढा. साहेबांना विचारून सांगा म्हणाले.

२९ मार्च, रवि.
सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. टाकीचं, काट्याचं, सगळं. वाटलं चिडेल. दीड महिना कागद काळे केले त्याने. चिडला नाही, फक्त कप खाली ठेवला.

"तिथे पाणी मिळत नाही?"

मग सांगितलं, जे कधी सांगितलं नव्हतं. आधीच्या गावांत नळ होता; मा. यायचा थांबल्यावर हा पाडा घेतला, तेव्हा पहिल्या शिबिराला पाणी तिथलंच घेतलं होतं. दुपारपर्यंत बायकांनी सहा हंडे आणून दिले. मी गुळण्या करायला सांगत होते, पोरं चूळ भरून थुंकत होती. चारला सहज विचारलं, विहीर कुठे आहे. सुनंदाने डोंगराखालचा झरा दाखवला. खाली उतरायला अर्धा तास, भरलेला हंडा घेऊन वर यायला त्याहून जास्त. सहा हंडे लोकांनी थुंकून टाकले माझ्या सांगण्यावरून. त्यानंतर मी त्यांचं पाणी घेतलं नाही. ओढायला जड पडलं तरी घरून नेलं.

मी कप उचलून आत गेले, विसळले. बाहेरून हाक आली.

"काढ म्हणावं ठोकळे."

मी ओटा पुसत राहिले. रडू आलं, पण तसं थोडंच.

३ एप्रिल, शुक्र.
रशीदभाईंकडे दोनदा. ठोकळे निघाले. जादाचे दोन पाटे पण काढले. त्याऐवजी त्यांनी ट्रकची रीत वापरली: एक जाड पाटा सगळ्यात खाली, इतरांपासून थोडं अंतर ठेवून. ट्रेलर नसेल तेव्हा तो नुसता झोपलेला असतो, वजन आलं की मग टेकतो. म्हणजे एरवी गाडी मऊ. मी विचारलं, हे आधीच का नाही सुचवलं? म्हणाले, "साहेबांची पाठ दुखते हे तुम्ही कुठे सांगितलं होतं?"

खरंच, कुणी कुणाला काय सांगितलं होतं!

पुढून पण उतरवली. आता बाकीच्या गाड्यांसारखी दिसते, थोडी बिचारी. ठोकळे दोन्ही जुन्या पोत्यात गुंडाळून दिले. मा.ने व्हरांड्यात मागून घेतले, पोतं सोडलं, रंग कुठे उडालाय ते बघितलं. एकावर डावं पाऊल ठेवून पेपर वाचत होता.

५ एप्रिल, रवि.
टाकी पुढे बसली. ट्रेलर भरून गंगापूर धरणापर्यंत चक्कर. उतारावर मुद्दाम थोडा वेग घेतला. हललं नाही. सुनंदा बरोबर होती, दार धरलं नव्हतं. मंगळवारी गाडीतून येते म्हणाली.

मा.ला विचारलं, चल की तूपण. बघू म्हणाला. जूनचं अजून बोलले नाही.

७ एप्रिल, मंगळ.
सकाळचे सव्वासहा. निघायला उशीर होतोय, तरी लिहितेय.

टाकी भरायला खाली आले तर जीपचं उजवीकडचं दार उघडं. मा. आत, ड्रायव्हरच्या जागेवर. काठी बाहेर बंपरला टेकवलेली. दाराखाली एक लाल ठोकळा, पायरीसारखा. कसा चढला, किती वेळ लागला, विचारलं नाही. शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती.

जीप मागे घेऊन ट्रेलरला लावायची होती. मला नेहमी सहा-सात वेळा पुढे-मागे करावं लागतं, शेजारच्या काकू गॅलरीतून मजा बघतात. मा. म्हणाला, "मागे मी घेतो. चौदा फूट आहे फक्त. पुढे तू चालव."

डॉक्टरांना विचारलेलं नाही. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. म्हटलं, आधी दाबून दाखव.

त्याने पाय उचलून ठेवला, हाताने गुडघ्याला आधार देत. दाबला. आरशात बघत म्हणाला, "झालं ना?"

पूर्ण दाबला गेला की नाही ते वाकल्याशिवाय दिसलं नसतं. मी वाकले नाही. टाकी भरू दे आधी म्हटलं आणि इकडे व्हरांड्यात येऊन बसले.

पाणी भरत आलंय. सुनंदा फाटकाशी उभी आहे, जीपकडे बघत. किल्ली अजून माझ्याकडे आहे. मा.ने आरसा त्याच्या उंचीला लावून घेतलाय.