थांब्यावरचा चहा

शनिवार, १ जून

यंदाच्या बुजगावणे-उत्सवाचा विषय जाहीर — ‘आपल्या गावातली माणसं’! प्रत्येक घराने एकेक पेंढ्याचा पुतळा उभारायचा. पहिला क्रमांक पाद्रीबाई ठरवणार. प्रू म्हणाली, “तू स्वतःचाच कर ना, ऑब्री. पेंढा आहेच आत.” चोवीस वर्षांच्या सहजीवनाने पत्नीची वाणी तीक्ष्ण होते, हा सिद्धान्त पुनश्च सिद्ध.

परंतु अस्मादिकांच्या प्रतिभेला शेजारीच विषय गवसला आहे — लायोनेल क्रॅस्क! गावात येणारी बस बंद होऊन तीन वर्षं झाली. तरी हा सद्गृहस्थ रोज दुपारी चारला घडीचं मेज काखेत मारून बसथांब्यावर जातो, मेजावर कापड अंथरतो, किटलीतून चहा ओततो. येईल त्याला देतो. विक्षिप्तपणाचं इतकं निर्मळ रूप इंग्लंडच्या या सबंध सफक परगण्यात दुसरं नसेल.

मंगळवार, ४ जून

थांब्यावर चहा. (मी रोज जातो, हे इथे नमूद करण्याचं कारण आजवर पडलं नव्हतं.) आज हेरगिरीचा अंतःस्थ हेतू होता. हॅटला खोचलेलं तित्तिराचं पीस, डाव्या बुटाची हिरवी नाडी — सर्व टिपलं. क्रॅस्कने शहाजिऱ्याचा केक कापला.

“साखर अर्धा चमचाच ना तुम्हाला?”

त्याला माझी साखर पाठ आहे. मला त्याच्या बुटाची नाडी. मौज वाटली.

शनिवार, ८ जून

प्रथम पारितोषिक!

पुतळा प्रत्यक्ष थांब्यावरच बसवला. मेज, किटली, पीस, हिरवी नाडी. गळ्यात पाटी: ‘आमचे लाडके विक्षिप्त.’ गाव लोटलं. पाद्रीबाईंना हसता हसता ठसका लागला. सगळे म्हणत, “अगदी क्रॅस्क! अगदी तोच!”

चारला तो आला. मेज काखेत. बाकावर त्याच्या जागी तो स्वतःच बसलेला.

वाकून पुतळ्याची हिरवी नाडी पाहिली. मग म्हणाला, “फारच हुबेहूब.” आमच्याकडे माणूस रागावला तर बरं, तो असा सौजन्याने बोलू लागला की समजावं, घाव हाडापर्यंत गेला.

“ही पाटी... माझ्याविषयी आहे?”

“अहो क्रॅस्क, या देशात ही पदवी आहे! भूषण आहे! लोक जन्मभर झुरतात तिच्यासाठी.”

“असेल,” तो म्हणाला. “मला आपलं वाटायचं, लोकांना चहा हवा असतो.”

मेज पुन्हा काखेत सावरलं आणि गेला.

रविवार, ९ जून

आला नाही.

बुधवार, १२ जून

आजही नाही. त्याच्या बाजूचे पडदे ओढलेले.

प्रूशी वाद. मी म्हणालो, ‘विक्षिप्त’ ही स्तुती होय. मला कोणी म्हटलं असतं तर मी गौरव मानला असता. ती भांडी विसळत होती. वळलीसुद्धा नाही.

“तुला म्हणावं म्हणूनच तू पिवळा बो-टाय लावून फिरतोस. कोणी म्हणत नाही, हे तुझं दुःख! त्या बापड्याला ठाऊकच नव्हतं तो वेगळा आहे ते. तो आपला लोकांना चहा पाजत होता. तू त्याच्यापुढे आरसा नेऊन धरलास, ऑब्री. आणि वर टाळ्या घेतल्यास.”

लॅटिन शिकवण्यात उभं आयुष्य गेलं. तरी रात्री ‘विक्षिप्त’ शब्दकोशात काढून पाहिला.

शनिवार, १५ जून

क्षमायाचनेसाठी क्रॅस्कच्या दारी. सोबत एक सुघटित, अलंकृत, त्रिखंडी वाक्य पाठ करून नेलं होतं. त्याने दार उघडलं. मी म्हणालो, “तुमच्या गुलाबांवर मावा पडलाय.”

“हो. साबणाचं पाणी मारतोय.”

मग हवा. मग पुन्हा मावा. हॅट खुंटीवर होती, पीस नव्हतं. दोन्ही नाड्या काळ्या.

निघता निघता विचारलं, “दुपारी हल्ली...?”

“वर्तमानपत्र वाचतो.” आणि अगदी प्रामाणिकपणे, जणू मी या विषयातला तज्ज्ञ आहे अशा सुरात — “लोक तेच करतात ना?”

मी हो म्हणालो. का म्हणालो!

बुधवार, १९ जून

पुतळा उतरवला. पावसाने पेंढा कुजला होता. पाटीवरची अक्षरं मात्र शाबूत — रंग उत्तम प्रतीचा आणला होता मी. पारितोषिकाचा चषक प्रूने स्वयंपाकघरातून हलवला. कुठे ठेवला, विचारलं नाही.

थांब्यावर थोडा वेळ बसलो. टपालवाली थांबली, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाली, “आज पण नाही होय?” आणि सायकल दामटत निघून गेली. म्हणजे तीही प्यायची. आणखी कोण कोण, मला ठाऊक नाही. मी फक्त त्याच्या नाडीकडे पाहत होतो.

रविवार, २३ जून

आमचं घडीचं मेज, आमची किटली घेऊन चारला थांब्यावर गेलो. बो-टाय घरी ठेवला. दोन कप ओतले. क्रॅस्कच्या खिडकीचा पडदा किंचित हलला, वाराही असेल. तेवढ्यात एक परगावची मोटार मंदावली आणि आतली बाई नवऱ्याला म्हणाली, “बघ, यांनी बुजगावणं अजून काढलंच नाही!”

मी हललो नाही.