जुनी गाडी शेखरच्या नावावर

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

"सर कधी येतील, मॅडम?" तीन वेळा विचारलं त्या सेल्समननं. तीन वेळा! कोण सर? गाडी मी घेणार, मी चालवणार. तरी हा गणराज माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघतोय, कोणी पुरुषमाणूस येतोय का ते. शेवटी म्हटलं, सर घरी वांगी चिरतायत, तुम्ही माहितीपत्रक द्या.

दिलं. चारशे सीसी. राखाडी रंग हवा.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीचे बूट तसेच घालून कासारवाडीच्या शोरूमला गेले होते. आज सकाळीच ठरवलं. चिंबळी फाट्याच्या पुढं कंटेनरला ओव्हरटेक करायला घेतलं, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळला — आणि आमची एकशे साठची गाडी नुसती ओरडली, पुढं सरकेना! डावीकडं कंटेनर, मागं दुसरा कंटेनर हॉर्नवर बसलेला. चाकणला पोचून कंपनीत लाइनवर उभी राहिले तरी कानात तोच हॉर्न. गाडी वाईट नाही. पण भोसरी ते चाकण हा रस्ता आता तिच्या ताकदीचा राहिला नाही.

७ फेब्रुवारी

घरमालक कोंडाजींना विचारलं, जुनी राहू दे आणि नवी पण लावू का खाली? "एका खोलीला एक गाडी. ठरलंय न्हवं? आमी काय पार्किंगचं दुकान न्हाई काढलं." त्यांच्या स्वतःच्या चार गाड्या आणि एक ट्रॅक्टर उभाय खाली. शेतच उरलं नाही, ट्रॅक्टर कशाला? बोलले नाही.

म्हणजे एक्स्चेंजच. जुनी देऊन नवी.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना शेजारच्या बाईकडून कळलं. कोंडाजींनी दवंडी पिटली असणार.

"हत्ती घ्यायलीस का गं दारात बांधायला?" निलंगा सोडून बारा वर्षं झाली, पण चिडल्या की बोली थेट तिकडची. मी म्हटलं, हत्ती नाही हो, गाडी. "त्येचा पाय गेला त्या रस्त्यावर. आता तुझा घालवायलीस का?"

नवरा तिथंच बसलेला; शेखरनं पेपरचं पान उलटलं. निदान तू तरी बोल!

खरं तर मला गाडी त्यानंच शिकवली. दीड वर्षापूर्वी कुरुळीजवळ टेम्पोनं त्याला उडवलं, डाव्या पायात रॉड बसला. तीन महिन्यांनी वॉकर घेऊन तो इंद्रायणीनगरच्या मोकळ्या प्लॉटवर उभा, आणि मी त्याच्या गाडीवर. "क्लच! अगं क्लच सोड!" सगळा प्लॉट दणाणायचा. मग मीच त्याला दापोडीला फिजिओकडं न्यायचे, आणि तिथून पुढं चाकणला ड्युटीवर. आता तो बसनं एकटा जातो. पूर्वी सीएनसी मशीनवर होता, त्याच वर्कशॉपमध्ये आता स्टोअरला बसतो. गाडीला दीड वर्षात त्यानं हात लावलेला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

टेस्ट राइड! नियम म्हणे, सेल्समन मागं बसणार. गणराज बसला आणि दोनशे मीटरवर सुरू झाला — "मॅडम हळू. मॅडम हळू. मॅडम, समोर बस आहे." मला दिसत होती बस! नाशिक फाट्याच्या पुलावर चढले आणि नुसतं मनगट वळवलं. बास. गाडी अशी गेली की पूल संपला तेच कळलं नाही. आणि मी हसत होते, हेल्मेटच्या आत, एकटीच, मोठ्यानं.

गणराज उतरला तेव्हा चेहरा पांढरा. "मॅडम, तुम्ही चालवता हो," म्हणाला. मग मी काय पोळ्या लाटायला आले होते तिथं?

२० फेब्रुवारी

आज जुन्या गाडीची तपासणी. तपासणारा माणूस तिच्याभोवती असा फिरला, जणू ती मेलेली आहे. टाकीवरच्या पोच्यावर बोट ठेवून, "हा कशाचा?" म्हटलं, अपघाताचा. "मग तसं लिहावं लागेल." लिही बाबा. मग आरसी बघितली. "मालक शेखर माने. त्यांच्या सह्या लागतील, दोन्ही फॉर्मवर."

गणराज लगेच, "तेच म्हणत होतो मॅडम, सर कधी येतील?"

२१ फेब्रुवारी

फॉर्म जेवणाच्या ताटाशेजारी ठेवले. "बघू," म्हणाला शेखर.

२४ फेब्रुवारी

बघू.

१ मार्च, शनिवार

आज म्हणे चष्मा सापडत नाही. सही करायला चष्मा! पगाराच्या रजिस्टरवर डोळे मिटून करतो.

चष्मा शोधून दिला. मग म्हणे पेन नीट चालत नाही. पेन दिलं. मग उठला आणि आईला औषध द्यायला गेला. फॉर्म तिथंच. आमटीचा डाग पडला एका कोपऱ्यावर.

सासूबाईंसमोर अहो-जाहो करते, म्हणून नीट भांडताही येत नाही. "अहो, सही करता का" यात काय राग दिसणार?

८ मार्च

कंपनीत महिला दिन. गुलाबाचं फूल दिलं आणि नारीशक्तीवर भाषण. एचआरचे साहेब म्हणाले, आमच्या वर्षालीताईच बघा, रोज बुलेटवरून येतात! बुलेट नाही हो ती. टाळ्या. फूल घेऊन घरी आले तर फॉर्म फ्रिजवर, वर सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा.

गणराजचा फोन. पाडव्याची डिलिव्हरी हवी तर पंधरा दिवसांत कागद द्या, नाहीतर राखाडी मिळणार नाही.

११ मार्च

शेखरला गच्चीवर गाठलं, कपडे वाळत घालताना. सरळ विचारलं, तुझी अडचण काय आहे?

"अडचण नाही."

मग सही?

"थांब की थोडं. एवढी काय घाई आहे?"

घाई! रोज तासभर कंटेनरांच्या मधून मी जाते. किती थांबू? तर म्हणे, "सांगतो. थोडं थांब फक्त." काय सांगणार आहेस ते आत्ता सांग ना! नाही. चिमटे लावत बसला, एकेका कपड्याला चार चार.

मला वाटतं ते हेच — बायको मोठ्या गाडीवर, नवरा स्टोअरला बसलेला. लोक काय म्हणतील. शेखर तसा नव्हता. पण माणूस एका जागी बसला की कधी काय होईल सांगता येत नाही.

१६ मार्च, रविवार

लिहू की नको.

सासूबाई देवळात गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच. मी पुन्हा फॉर्म काढले. तो म्हणाला, "गाडी माझ्या नावावर आहे, वर्षाली. मला जरा विचार करू दे." तीन आठवडे चाललाय विचार! माझा आवाज चढला. म्हटलं, नाव तुझं असेल, गाडी माझी आहे. पेट्रोल मी भरते, चेन मी धुते, पावसात चिखलातून मी काढते. तू नुसतं कागदावर आहेस.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

"तू तर आता कधी चालवणारही नाहीयेस!"

हे मी म्हणाले. मीच.

तो खिडकीतून खाली बघत राहिला, तिथं गाडी उभी होती. मग उठला, पाय थोडा ओढत — बसून उठला की अजून तसंच होतं — आणि टेबलापाशी गेला. चष्मा न लावता सह्या केल्या. दोन्ही फॉर्मवर, जिथं जिथं पेन्सिलची फुली होती तिथं. "घे," म्हणाला. चिडून नाही. साधंच म्हणाला.

हवी होती ती सही मिळाली. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

१७ मार्च

सॉरी म्हटलं. "अगं त्यात काय," म्हणाला. "खरंच आहे ते."

२२ मार्च, शनिवार

शेखर आज दापोडीला गेला नाही. म्हणाला, कंटाळा आला, पाय आता बराच आहे. मी म्हटलं बरं. कागद देऊन आले. गणराजनं चहा पाजला, आणि सर कुठायत हे विचारलं नाही!

३० मार्च, पाडवा

शोरूममध्ये जत्रा! चाळीस गाड्यांना चाळीस हार, एकच भटजी, आणि तो नंबर चुकवतोय. आमचा हार दुसऱ्याच्या स्कूटरला घातला. सासूबाईंनी जाऊन काढून आणला, सरळ त्या माणसाच्या समोरून. "आमचा हाय," म्हणाल्या. हत्तीवर हळदकुंकू त्यांनीच वाहिलं.

गेटवर जुनी गाडी द्यायची होती. किल्ली मी देणार, तेवढ्यात शेखर म्हणाला, मी देतो. टाकीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. मागून गणराज, "सर, जरा लवकर, गर्दी आहे." मला त्याला थोबाडावंसं वाटलं.

येताना सासूबाईंना रिक्षात बसवलं, शेखर माझ्या मागं बसला. मी उगाच मोशीपर्यंत नेली, टोलनाक्याच्या पुढून वळवली. "मस्त ओढतेय गं," म्हणाला कानाशी. खरंच आनंदला होता. तीन आठवडे मला उगाच छळलं या माणसानं!

२ एप्रिल, बुधवार

दापोडीच्या फिजिओ, प्राजक्ता मॅडम, यांचा फोन. शेखर दोन शनिवार आले नाहीत, तब्येत बरी ना? शिफ्ट सुटल्यावर तशीच गेले.

म्हणाल्या, "आता शेवटी येऊन का थांबले? गाडी चालवायची म्हणून डिसेंबरपासून किती घाम गाळला त्यांनी. या महिन्यात मी हो म्हणणारच होते. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते, एकदम चालवून दाखवायची होती." मग म्हणाल्या, "फक्त ती त्यांची जुनीच हं. त्याहून जड गाडी तो पाय कधीच पेलणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय."

बाहेर येऊन गणराजला फोन लावला. जुनी गाडी सोमवारीच सोलापूरकडच्या एजंटनं नेली. नंबर देतो म्हणाला, पण तिकडं विकली पण असेल.

घरी आले. शेखर हाफपँटवर, जुनं बनियन घेऊन खालीच उभा होता, माझीच वाट बघत. म्हणाला, "लाव स्टँडला. चिखल उडालाय किती. पुसून देतो."

लावली. तो खाली बसला, पाय बाजूला लांब करून, आणि चाक पुसायला लागला.