अहो, कुलूप!

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, व्यवसाय ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि दडपणाशिवाय लिहिते. ‘दडपणाशिवाय’ हा शब्द कायद्याला लागतो म्हणून घातला आहे. प्रकृती ठणठणीत आहे. तरी आत्ताच लिहिते, कारण आमच्या घरातले माणूस गेले की ते स्मारक समितीचे होते.

१. घर. ते समितीचे आहे, मला देता येणार नाही. माझे आजोबा मोठे कवी आणि गायक. खाली त्यांचे संग्रहालय आहे; वरच्या दोन खोल्यांत आई आणि मी समितीच्या परवानगीने राहतो. आजोबांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात ‘माझ्या घराला नव्हतेच कधी कुलूप’ अशी ओळ आहे, म्हणून आमच्या दारांना कडी-कुलूप लावायला मनाई आहे. आई जेवत असताना अनोळखी माणसे आत येतात, भारावून उभी राहतात, “चालू द्या तुमचं” म्हणतात. खालच्या काचेच्या कपाटांना मात्र कुलपे आहेत.

२. त्या कपाटातल्या चपला आजोबांच्या नाहीत, माझ्या वडिलांच्या आहेत. परत मागू नयेत. वडिलांपुढे जिवंतपणी कोणी वाकले नाही.

३. गाणे. मुद्रणाच्या वेळी ‘नव्हतेच कधी’पाशी आजोबा पुढचा शब्द विसरले. शेजारी कागद धरून बसलेली आजी वैतागून म्हणाली, “अहो, कुलूप!” मग त्यांनी तो म्हटला. तंत्रज्ञाने आजीचा आवाज काढून टाकला आणि तिथे शांतता उरली. काम चोख आहे, जोड ऐकू येत नाही. त्या शांततेला लोक ‘महामौन’ म्हणतात. तिच्यावर प्रबंध झाले आहेत. दर स्मृतिदिनाला त्या जागी सभागृह उठून उभे राहते.

मी त्याच चालीवर नवे गाणे रचले आणि आजीचे दोन शब्द तिथे परत ठेवले. एकदाच गायले, गेल्या वर्षी, स्मृतिदिनालाच. मागच्या रांगा हसल्या. पुढच्या रांगा उभ्या होत्या. त्यांना बसावे की नाही कळेना.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष वर आले. आजोबांचे पट्टशिष्य, आम्ही त्यांना काका म्हणतो. दार वाजवायचा प्रश्नच नव्हता.

“बाळ, आजोबा काय तुझ्या एकटीचे आहेत?”

“नाहीत. पण मग आजी कुणाची?”

“तिला कशाला मध्ये आणतेस? लोकांची श्रद्धा आहे.”

“काका, आजीनं शब्द सांगितला नसता तर लोक अजून उभेच असते.”

आईला हसू आवरले नाही. काका तिच्याकडे वळले. “वहिनी, या वयात बिऱ्हाड हलवणं सोपं नसतं हो.”

आई या घरात आहे तोवर ते गाणे गाणार नाही, असे मी लिहून दिले. उद्या स्मृतिदिन आहे. महामौन मीच वाजवणार आहे.

४. ते गाणे, शब्द आणि चालीसह, आईला. मनाई माझ्यावर आहे, तिच्यावर नाही; सही करताना मी नीट वाचले होते. आई माझ्याआधी गेली तर मनाई संपते आणि मी स्वतः गाईन. त्यामुळे ते गाणे पुन्हा गायची मला घाई नाही.

५. माइक आणि हेडफोन स्टुडिओतल्या मैत्रिणीला. तिने माझा आवाज स्वच्छ करू नये. खोकल्यासकट ठेवावा.

६. बचत आईला. तिने दुसरी खोली घ्यावी आणि माझ्या खणातले पितळी कुलूप तिथे लावावे. आत्ता का नाही, तर ती म्हणते, “आपण निघालो की ही खोलीपण काचेत जाईल.” ही खोली आजीची.

७. माझ्या शोकसभेत शांतता पाळू नये. समिती पाळणारच. सगळे उभे राहिले की आईने पहिल्या रांगेतून, आजीसारखे वैतागून, बोलावे. काय, ते तिला माहीत आहे.

साक्षीदार: शेजारच्या दातांच्या डॉक्टरबाई, खालचे तिकीटवाले. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

आई वारस आहे, म्हणून तिची सही घेतलेली नाही. सह्या होईपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी होती.

ठिकाण: वरची मागची खोली.
दिनांक: स्मृतिदिनाचा आदला दिवस.